खेळणें आणि खेळविणें

ज्याला एखादी गोष्ट उत्तम करतां येते, त्याला ती दुसऱ्याला शिकवितांहि येतेच, असा एक सार्वत्रिक समज आहे. उत्तम गवई तो उत्तम गायनशिक्षक, नामांकित वकील तो नामांकित अध्यापक, असें लोक सहज धरून चालतात. अनुभव मात्र निराळेंच सांगतो. मैफल गाजविणारा गवई शिष्याला एक साधी तान समजावून देतांना अडखळतो, आणि ज्याची मैफल कधीं फारशी रंगली नाहीं अशा गुरूच्या हाताखालून चांगले गवई तयार होतात. करणें आणि करवून घेणें ह्या दोन स्वतंत्र विद्या आहेत. पहिली दुसरीला उपयोगी पडते. पण तिची जागा घेऊं शकत नाहीं.

हा विचार वर्ध्याच्या परिसराला नवा नाहीं. वर्ध्याहून नागपूरकडे जातांना धाम नदीच्या कांठीं पवनार हें गांव लागतें. १९३८ सालीं विनोबा भावे तेथें येऊन राहिले. त्यापूर्वीं वर्ध्याजवळ नालवाडीस असतांना, सूत कांतणाराला त्या मजुरीवर पोट भरतां येतें कीं नाहीं, ह्याचा निर्णय त्यांनीं पुस्तकावरून केला नाहीं. स्वतः रोज कित्येक तास सूत कांतून आणि तेवढ्या मिळकतींत भागवून पाहिलें. १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेनें तर हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागींच आणून बसविलें. हाताला जें कळतें तें दुसऱ्याच्या हाताला कसें कळवावें, हा ह्या सर्व खटाटोपांतील खरा प्रश्न होता. विणकर आणि सुतार ह्यांच्याप्रमाणेंच, ज्याची सारी विद्या पायांत आहे त्या फुटबॉलपटूलाहि हाच प्रश्न पडतो; आणि त्याला तर तो ऐन तारुण्यांत, पोटाच्या प्रश्नाबरोबरच पडतो. महाराष्ट्रांतील एका खेळाडूच्या आयुष्यक्रमावरून त्याचा उलगडा चांगला होतो. त्यांचें नांव खालिद जमील.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, प्रशिक्षक, म्हणजे मैदानावर ज्याला सारे 'कोच' म्हणतात तो, करतो काय? खेळाडूचें काम नव्वद मिनिटांचें. चेंडू पायाशीं आला कीं तो कोणाकडे द्यावा ह्याचा निर्णय त्याला एका क्षणांत करावा लागतो. हा निर्णय बहुधा विचार करून होत नाहीं. वर्षानुवर्षांच्या सरावानें अंगांत मुरलेलें शहाणपण तेथें काम करतें. म्हणूनच 'तूं हें कसें केलेंस?' असें विचारलें तर निष्णात खेळाडूला पुष्कळ वेळां उत्तर देतां येत नाहीं. प्रशिक्षकाला मात्र नेमकें तेंच उत्तर द्यावें लागतें, आणि तेंहि एकाच शब्दांत सर्वांना देऊन भागत नाहीं. अकरा जणांचे स्वभाव अकरा तऱ्हांचे. कोणी रागावल्यानें सुधारतो, कोणी रागावल्यानें मिटून जातो. त्यांतून सामना सुरू झाला म्हणजे प्रशिक्षकानें रेषेबाहेर उभें राहावयाचें. चेंडूला पाय लावण्याची त्याला मुभा नाहीं. खेळाडू बदलणें, मध्यंतरांत चार शब्द सांगणें, एवढींच काय तीं त्याचीं साधनें. जय झाला तर तो गोल करणाराचा, पराजय झाला तर तो प्रशिक्षकाचा, असा ह्या धंद्यांतील अलिखित करार आहे.

खालिद जमील ह्यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजीं कुवेत येथें एका भारतीय कुटुंबांत झाला. १९९०-९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास तें कुटुंब भारतांत आलें आणि पुढें त्यांचा खेळ मुंबईंत वाढला. मुंबईच्या फुटबॉलची घडण कलकत्त्याहून निराळी होती. कलकत्त्यांत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे संघ म्हणजे लोकांच्या निष्ठेचीं ठाणीं. मुंबईंत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ पासून चालत आलेली असली, तरी संघ मुख्यतः कचेऱ्यांचे आणि कारखान्यांचे असत. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र अशीं नांवें कूपरेजच्या मैदानावर ऐकूं येत. खेळाडूला नोकरी मिळे. सकाळीं सराव करावा, मग कामावर जावें, असा क्रम असे. पोटाची काळजी मिटे आणि पाय थकल्यावरहि टेबल-खुर्ची शिल्लक राही.

१९९६ सालीं राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि खेळावरच पोट भरणारा धंदेवाईक खेळाडू आपल्याकडे नीटसा दिसूं लागला. ह्या संधिकालांत, १९९७ सालीं, खालिद जमील महिंद्र युनायटेडमध्यें दाखल झाले. पुढच्या वर्षीं ते एअर इंडियाकडे गेले, २००२ सालीं पुन्हां महिंद्रकडे परतले आणि २००७ सालीं नव्यानेंच स्थापन झालेल्या मुंबई एफ. सी. ह्या संघांत आले. त्यांची जागा मैदानाच्या मध्यभागीं. भारताच्या संघांतूनहि ते खेळले. कलकत्त्याच्या दोन्ही बड्या संघांकडून त्यांना बोलावणें आलें होतें; परंतु त्या काळीं ते संघ मद्याच्या व्यापारी नांवांशीं जोडलेले असल्यामुळें त्यांनीं तें स्वीकारलें नाहीं, असें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें आहे. ज्या वर्धा जिल्ह्यांत दारूबंदी झाली, तेथील वाचकांना ह्या नकाराची किंमत वेगळी सांगावयास नको. फुटबॉलच्या धंद्यांत मात्र असा नकार फार महाग पडतो, कारण कमाईचीं वर्षें तेथें मोजकींच असतात.

मध्यभागीं खेळणाऱ्याविषयीं येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पुढच्या फळींतल्याची दृष्टि गोलाकडे, मागच्या फळींतल्याची चाल करून येणाऱ्याकडे; मधल्याला मात्र दोन्ही दिशांना पाहावें लागतें. आपला कोण मोकळा आहे, प्रतिपक्षाचा कोण जागा सोडून गेला आहे, ह्याचें चित्र त्याच्या डोक्यांत सतत तयार होत असतें. प्रशिक्षकाच्या कामाची ही नकळत होणारी पूर्वतयारी म्हणतां येईल.

बत्तिसाव्या वर्षीं वकील उमेदवारी संपवून नुकता कोठें उभा राहत असतो आणि डॉक्टरचा दवाखाना नुकता रुजत असतो. फुटबॉल खेळणाराचा मात्र त्याच वयांत अस्त होऊं लागतो. खालिद जमील ह्यांच्या उत्तरकाळांत दुखापतींनीं त्यांची पाठ सोडली नाहीं. २००९ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, खेळ थांबला आणि ज्या मुंबई एफ. सी. मध्यें ते खेळाडू होते त्याच संघाचें प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आलें. कालपर्यंतच्या सोबत्यांना आज आज्ञा करावयाची, हा प्रसंग नाजूक असतो. सलगी ठेवली तर शिस्त जाते. दूर राहावें तर विश्वास जातो.

खेळाडूचा प्रशिक्षक होण्यासाठीं आज केवळ अनुभव पुरत नाहीं. त्याला परवाना लागतो. आशियाई फुटबॉल महासंघानें ह्या परवान्यांची एक शिडी ठरविली आहे. डी, सी, बी, ए अशा पायऱ्या चढत शेवटीं 'प्रो' ह्या पायरीला पोंचावयाचें. पहिल्या पायऱ्यांवर लहान मुलांना चेंडूची गोडी कशी लावावी आणि एका तासाच्या सरावाची आखणी कशी करावी हें शिकवितात. वरच्या पायऱ्यांवर संपूर्ण हंगामाची मांडणी, खेळाडूंच्या शरीरावर पडणारा ताण, प्रतिपक्षाच्या खेळाची चिकित्सा, संघाचा कारभार हे विषय येतात. उमेदवाराला प्रत्यक्ष मैदानावर सराव घेऊन दाखवावा लागतो. पायांतील विद्या शब्दांत आणावयास लावणें हाच ह्या सर्व शिक्षणाचा हेतु. तरीहि परवाना म्हणजे दाराची किल्ली; आंतला संसार ज्याचा त्यानेंच थाटावा लागतो.

तो संसार खालिद जमील ह्यांनीं मुंबईंत सात वर्षें थाटला, आणि तोहि काटकसरीचा. मुंबई एफ. सी. जवळ पैसा बेताचा. मोठे गोल करणारे खेळाडू श्रीमंत संघांकडे जात. ह्यांच्या वांट्याला नवखे, उतरणीला लागलेले किंवा दुसऱ्यांनीं नाकारलेले येत. अशा संघाला विजेतेपदाचीं स्वप्नें परवडत नाहींत. सर्वांत वरच्या वर्गांतून खालीं घसरावयाचें नाहीं, एवढेंच त्याचें ध्येय असतें. आणि २०१६ पर्यंत प्रत्येक हंगामांत तें ध्येय त्यांनीं गांठलें.

हें कसें साधलें, ह्यांत फुटबॉलच्या अर्थशास्त्राचा एक धडा आहे. गोल करणें ही बव्हंशीं देणगी आहे, आणि देणगीची बाजारांत किंमत फार. गोल होऊं न देणें हें मात्र पुष्कळ अंशीं शिकवितां येतें. चौघांनीं एका ओळींत सरकावें, एक पुढें गेला तर दुसऱ्यानें त्याची जागा भरावी, चेंडू गमावतांच सर्वांनीं मागें धांवावें, ह्या गोष्टींना असामान्य प्रतिभा लागत नाहीं. कवायत, आज्ञाधारकपणा आणि दम लागतो. म्हणून ज्याच्यापाशीं पैसा कमी त्यानें प्रथम कुंपण मजबूत करावें आणि मग संधि साधून झटक्यासरशी पुढें धांवावें, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. खालिद जमील ह्यांच्या संघांचा खेळ रुक्ष आहे, त्यांत नजाकत नाहीं, असा आक्षेप पुष्कळदां घेतला गेला. आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु कोरडवाहू शेतांत ज्वारी पिकविणाऱ्याला 'ऊस कां लावला नाहींस?' असें विचारण्यासारखें तें होतें.

२०१६ सालीं मुंबईच्या संघाशीं असलेला त्यांचा संबंध संपला. पुढचें काम त्यांना मिळालें तें मिझोराम राज्याची राजधानी ऐझॉल येथें. हा संघ २०१५-१६ च्या हंगामांत वरच्या वर्गांतून खालीं गेलेला होता. गोव्यांतील संघ स्पर्धेंतून बाहेर पडले म्हणून त्याला पुन्हां जागा मिळाली, एवढेंच. मुंबईंत त्यांच्या हाताखालीं खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्यांच्याबरोबर तेथें गेले. गोलरक्षक आल्बिनो गोम्स गोव्याचे, महमूद अल् अम्ना सीरियाचे, आल्फ्रेड जार्यान लायबेरियाचे, आणि बाकीची बरीच भरती मिझो तरुणांची. मिझोरामांत फुटबॉल हा लोकांच्या जिव्हाळ्याचा खेळ आहे. २०१४ सालीं त्या राज्यानें संतोष चषकहि जिंकला होता. म्हणजे माती कसदार होती. तिला मशागत करणारा हवा होता.

दहा संघांच्या त्या लीगमध्यें प्रत्येकाला अठरा सामने खेळावयाचे होते. २२ एप्रिल २०१७ रोजीं ऐझॉलनें आपल्या मैदानावर मोहन बागानचा १-० असा पराभव केला. ३० एप्रिल रोजीं शिलाँग येथें अखेरचा सामना होता. शिलाँग लाजाँग संघानें सुरुवातीसच गोल केला. दुसऱ्या अर्धांत विल्यम लालनुनफेला ह्यांनीं तो फेडला आणि सामना १-१ असा बरोबरींत सुटला. तेवढें पुरेसें झालें. ऐझॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतांतील संघानें राष्ट्रीय विजेतेपद मिळविण्याची ती पहिलीच वेळ. त्याच हंगामांत मुंबई एफ. सी. शेवटच्या स्थानावर राहून वरच्या वर्गांतून खालीं गेली. एका माणसावरून सर्व कारणमीमांसा करणें योग्य नव्हे. पण सात वर्षें न पडलेली भिंत कोण धरून होता, हा प्रश्न त्या वेळीं पुष्कळांच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

येथें कथा संपविली तर ती गोड होईल. परंतु प्रशिक्षकाचें आयुष्य इतक्या सोयीनें संपत नाहीं. ऐझॉलच्या यशानंतर ते ईस्ट बंगालकडे गेले. २०१७-१८ चा हंगाम तेथें राष्ट्रीय लीगच्या विजेतेपदावांचून गेला. २०१९ च्या जानेवारींत मोहन बागाननें त्यांना बोलाविलें. तेथेंहि चषक मिळाला नाहीं. खेळाडू असतांना जे दोन संघ त्यांनीं नाकारले होते, त्या दोघांनींहि प्रशिक्षक म्हणून त्यांची परीक्षा पाहिली आणि दोहोंतहि लहान संघाची विद्या मोठ्या संघांत तशीच्या तशी चालत नाहीं असें दिसलें. कलकत्त्यांत हजारों लोक केवळ न हरण्यावर संतुष्ट होत नाहींत. त्यांना आपल्या संघानें चाल करून जावें असें वाटतें.

२०२१ च्या जानेवारींत गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेड ह्या संघाचा परदेशी प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावरच गेला आणि सहाय्यक असलेल्या खालिद जमील ह्यांच्याकडे तात्पुरतीं सूत्रें आलीं. संघ साखळींतील उरलेल्या सामन्यांत एकदांहि न हरतां उपांत्य फेरींत पोंचला. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें त्यांना कायमचें पद मिळालें. इंडियन सुपर लीगमध्यें पूर्ण अधिकाराचा मुख्य प्रशिक्षक होणारे ते पहिले भारतीय. लीग सुरू होऊन तेव्हां सात वर्षें झालीं होतीं. पुढचा हंगाम मात्र वाईट गेला. अकरा संघांत त्यांचा संघ दहावा आला. नंतर २०२३-२४ च्या हंगामाच्या मध्यावर ते जमशेदपूरला आले आणि २०२४-२५ सालीं त्या संघाला उपांत्य फेरीपर्यंत घेऊन गेले. २०२५ च्या सुपर चषकाच्या अंतिम सामन्यांतहि जमशेदपूर पोंचलें. तेथें गोव्यानें त्यांना ३-० असें हरविलें.

भारतीय प्रशिक्षकाविषयींचा हा अविश्वास मुळांतला नव्हे. १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारत चौथा आला आणि १९६२ सालीं जकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक मिळालें, तेव्हां संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते पेशानें शाळामास्तर. गोव्यांत आर्मांदो कुलासो ह्यांनीं डेम्पो संघाला पांच वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलें. परंतु खेळांत पैसा वाढला तसा धनिकांचा धीर कमी झाला. परदेशी नांवाला वजन असतें आणि अपयश आलें तर निवड करणारावर ठपका येत नाहीं. २०१२ सालीं गोव्याचे साव्हियो मेदेरा पायउतार झाल्यावर राष्ट्रीय संघाला हॉलंड, इंग्लंड, क्रोएशिया व स्पेन ह्या देशांचे प्रशिक्षक लाभले. परदेशी माणूस नवी पद्धति, नवी शिस्त घेऊन येतो, हा त्यांतील लाभ नाकारतां येत नाहीं. पण देशी माणसाला मोठें काम कधीं मिळालेंच नाहीं, तर मोठ्या कामाचा अनुभव त्याला यावा कोठून?

१ ऑगस्ट २०२५ रोजीं अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें राष्ट्रीय संघाचें प्रशिक्षकपद खालिद जमील ह्यांना दिलें. तेरा वर्षांनंतर हें पद भारतीय माणसाकडे आलें. आरंभ शुभ झाला. ताजिकिस्तानांत झालेल्या मध्य आशियाई स्पर्धेंत भारतानें यजमान ताजिकिस्तानला २-१ असें हरविलें. इराणकडून ०-३ असा पराभव झाला, अफगाणिस्तानशीं बरोबरी झाली, आणि तिसऱ्या जागेच्या सामन्यांत १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर ओमानला नमविलें. परंतु ऑक्टोबरमध्यें सिंगापूरशीं तेथें १-१ अशी बरोबरी आणि मडगांवला १-२ असा पराभव होऊन २०२७ च्या आशियाई चषकाचें दार बंद झालें. नोव्हेंबरमध्यें ढाक्याला बांगलादेशानेंहि ०-१ असें हरविलें. चार महिन्यांत गौरव आणि टीका दोन्हीं पदरांत पडलीं. ज्या पात्रता फेरीचे पहिले सामने दुसऱ्याच्या हाताखालीं झाले होते, तिचा शेवटचा हिशेब ह्यांच्या नांवावर मांडला गेला. हाच तो अलिखित करार.

मग ह्या आयुष्यक्रमाचें मोल कशानें करावें? चषक मोजून केलें तर उत्तर लवकर संपतें. परंतु जयेश राणेंसारखे तरुण ज्याच्या भरंवशावर मुंबई सोडून दूरच्या डोंगरांत गेले, आणि ज्याच्या शिकवणीनें खालीं गेलेल्या संघाला आपण जिंकूं शकतों असें वाटूं लागलें, त्याच्या कामाचा निराळा ताळेबंद मांडावा लागेल. शिक्षकाचें यश दुसऱ्याच्या अंगीं दिसतें, त्याच्या स्वतःच्या नांवावर नव्हे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनीं २००१ पासून झोपडपट्टींतील मुलांना फुटबॉलकडे वळविलें. ते धंदेवाईक खेळाडू म्हणून गाजलेले नव्हते. तरीहि त्यांच्या कामावर पुढें २०२२ सालीं 'झुंड' हा चित्रपट निघाला. वाट निराळी, विद्या तीच.

सुशिक्षित घरांतून अलीकडे एक प्रश्न वरचेवर ऐकूं येतो. मुलगा किंवा मुलगी मैदानावर रमते. पण तिशीनंतर पुढें काय? ही काळजी रास्त आहे. खालिद जमील ह्यांच्या चरित्रांत तिचें थोडें उत्तर सांपडतें. खेळतांना जो केवळ पायांनीं खेळतो, त्याचा खेळ पायांबरोबर संपतो. जो खेळतां खेळतां आपण काय करतों आणि कां करतों ह्याचा विचार करतो, सोबत्याची चूक पाहून हंसण्याऐवजीं ती कशी टळेल हें शोधतो, त्याच्यापाशीं पाय थकल्यावरहि देण्यासारखें कांहीं उरतें. ही संवय तिसाव्या वर्षीं लावूं म्हटल्यानें लागत नाहीं. ती दहाव्या-बाराव्या वर्षींच लावावी लागते. पवनारसारख्या गांवांतील शाळेच्या शिक्षकानें परवान्याची पहिली, डी अक्षराची पायरी चढावी आणि मुलांना चेंडूबरोबर हा विचारहि द्यावा, एवढें झालें तरी मोठ्या चषकांच्या वार्तेपेक्षां तें अधिक मोलाचें ठरेल. कारण चांगला खेळाडू एका पिढीला आनंद देतो. चांगला प्रशिक्षक पुढच्या पिढीचे खेळाडू तयार करून जातो.